आबांनी न चोरलेलं डिझेल

नवरा गेला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. पदरात दोन मुली, आणि दारात भाड्यानं फिरणारी एक जीप. नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं होती ती. बारामतीच्या एसटी स्टँडबाहेर भाड्याच्या गाड्या रांगेनं लागायच्या, त्यांत आमची एक. लग्नाचं वऱ्हाड, मोरगावचं दर्शन, पुण्याच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, अशी भाडी मिळायची. गाडी आबा चालवायचे.

आबा म्हणजे आमचे ड्रायव्हर. सुप्याकडचे, वय पन्नाशीचं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. भावकीत गाडी शिकलेले हे पहिलेच. लायसन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि कुणी विचारलं नाही तरी काढून दाखवायचे. नवऱ्याच्या तेराव्याला पाहुणे पांगल्यावर ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "वैनी, गाडी इकू नगा. मी हाय."

मी विकली नाही. पहिली दोन वर्षं त्या गाडीवर आमचं घर नीट चाललं.

मला गाडीतलं काही कळत नव्हतं. डिझेलचा काटा पहिल्यापासून बंद होता, टाकीत वेताची काठी बुडवून बघायची पद्धत. गाडी किती पळाली ते तेवढं मीटर सांगायचं. गिऱ्हाइकाकडून भाडंही त्याच मीटरवर घ्यायचं. एक दिवस माझे धाकटे दीर घरी आले. त्यांचं स्टँडजवळ पाण्याच्या मोटारपंपांचं दुकान होतं, उठबस सगळी ड्रायव्हर लोकांत. ते म्हणाले, "वहिनी, बाईमाणसानं गाडी चालवायला दिली की ड्रायव्हर टाकी पितो. तुम्ही डिझेल मोजता का कधी?"

मोजत नव्हते. दिरांनीच शिकवलं. गाडी परत आली की टाकी गळ्यापर्यंत भरायची, किती लिटर बसलं ते वहीत लिहायचं, शेजारी मीटरचा आकडा. टाकीच्या झाकणाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. लांबच्या भाड्याला तेवढी किल्ली द्यायची आणि वाटेत भरलेल्या डिझेलची पावती मागायची. आबांना हे सांगताना मला अवघड झालं होतं. ते म्हणाले, "मोजा की. मोजल्यालं बरं असतंय."

पहिला महिना बरोबर निघाला. गाडी लिटरला बारा किलोमीटर द्यायची, बाराच दिले. मग अकरा झाले. मग दहा. पावसाळा संपता संपता नऊवर आले. मी रात्रंदिवस ती वही चाळत बसायचे. वहीत आकडे माझ्याच हातचे होते, त्यामुळे ते खोटे असतील असं मनातही आलं नाही.

दीर म्हणाले, "आता तरी पटलं?"

मी आबांना ओसरीवर बोलावलं. वही पुढं केली. त्यांना वाचता यायचं नाही फारसं, पण आकडे कळायचे. बराच वेळ बघत राहिले.

"वैनी, म्या थेंबभर डिझेल काढलं न्हाय."

"मग जातं कुठं, आबा?"

"गाडी तेवढीच पळती. मीटर कमी दावतंय. तुमी एकदा गाडीत बसा. हितनं इंदापूरपतोर रस्त्याकडचं दगड मोजू. दगड खोटं बोलायचं न्हाईत."

दीर तिथंच होते. हसले. म्हणाले, "चोराचं बोट आता मीटरकडं. मीटर बिघडलं तर बंद पडतं, कमी कसं दाखवेल?"

मला ते बोलणं रास्त वाटलं. शिवाय नवरा जाऊन दोनच वर्षं झालेली, ड्रायव्हरशेजारी बसून दगड मोजत फिरायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हेही मनात होतं. मी म्हणाले, "आबा, कमी पडलेलं डिझेल मी पगारातून कापणार."

तीन महिने मी कापलं. तीन महिने ते उरलेला पगार घेऊन गेले आणि दर सकाळी येऊन गाडी पुसत राहिले. चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला किल्ली पायरीवर ठेवली. "वैनी, तुमच्या घरातनं मला चोर म्हणून भायेर पडायचं नव्हतं. पर आता न्हाय हुईत." एवढंच. मी थांबा म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

नवा ड्रायव्हर दिरांनीच आणला. सणसरचा, तिशीतला, मोकळ्या तोंडाचा. पहिल्याच महिन्यात गाडीनं साडेआठ दिले. मला वाटलं, हाही तसलाच. दिरांना वाटलं, डिझेलमध्येच भेसळ असेल. आपल्या माणसावर आळ घ्यायला ते तयार नव्हते.

पुढच्या महिन्यात वारसनोंदीच्या कागदासाठी मला इंदापूरला तहसील कचेरीत जायचं होतं. गाडी रिकामीच होती. वही मांडीवर घेऊन मी मागं बसले, या नव्याच्या हातावर नजर ठेवायची म्हणून. सणसरला त्याच्या घरी पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी मीटर लिहून घेतलं. निघताना समोर दगड होता, इंदापूर बत्तीस. उसाच्या गाड्या वाटेत होत्या, हळूहळू चाललो. इंदापूरच्या वेशीत शिरलो तेव्हा मी सवयीनं मीटर बघितलं.

बावीस वाढले होते.

मी वजाबाकी तीनदा केली. मग त्याला म्हणाले, "गाडी वळव." तो म्हणाला, "वैनी, कचेरी पुढं हाय." मी पुन्हा म्हणाले, "वळव." परतीला एकेक दगड मोजत आले. ऊन डोक्यावर होतं आणि मी प्रत्येक दगडाला मीटरचा आकडा वहीत लिहीत होते. कागद त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

बारामतीच्या मेस्त्रीनं गाडी वर घेतली, मीटरची वायर काढली आणि तिच्या टोकाचं बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं चक्र माझ्या हातावर ठेवलं. त्याचे दाते झिजून बोथट झाले होते. "वायर फिरते, मधीच घसरते," तो म्हणाला. "खड्डा आला की जास्तच. हळूहळू झिजत आलंय, वरीस तरी झालं असंल." नवं चक्र बसवायला त्याला अर्धा तासही लागला नाही. गाडी पुन्हा बारा देऊ लागली. वर्षभर गिऱ्हाइकांकडून मी कमी भाडं घेतलं होतं, त्याचं मला काहीच वाटलं नाही.

दिरांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "असं होय. मग झालं ते झालं." आणि ताटात आमटी वाढून घेतली.

कापलेला पगार पाकिटात घालून मी एसटीनं सुप्याला गेले. गाडीनं जायची लाज वाटली. आबांचं घर गावाबाहेर माळावर होतं. त्यांची बायको दारात भाकरीचं पीठ चाळत होती. तिनं मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. आबा माळावर होते. चुलतभावाची मेंढरं रोजानं राखत होते. माणूस बोलवायला गेला, ते तासाभरानं आले. खांद्यावर घोंगडं, पायात गाडीवर असताना घालायचे तेच बूट, टाचा फाटलेले.

मी सगळं सांगितलं. चक्र, दाते, दगड. सांगताना रडले. ते ऐकून घेत होते, मधून मान हलवत होते, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे.

"व्हय," ते म्हणाले. "तसंच असणार."

"आबा, चुकलं माझं. तुम्ही परत या."

"लायसनची मुदत सपली वैनी. न्हाय केलं परत. स्टँडवर दोघा-तिघांकडं गेलतो. समद्यांनी एकच इचारलं, डिझेलचं काय झालतं?"

"मी सांगते सगळ्यांना. मी स्वतः जाऊन सांगते."

"सांगा," ते म्हणाले. मग, आवाज न चढवता, "पर वैनी, आता मीटर नीट झालं. उद्या आनिक काय बिघडलं, तर?"

मी पाकीट पुढं केलं. मनातून वाटत होतं, हे ते घेणार नाहीत, माझ्या तोंडावर फेकतील, आणि मला ते बरंही वाटलं असतं. त्यांनी पाकीट घेतलं. "घेतो. सोडायची ऐपत न्हाय," म्हणाले आणि बायकोला च्या ठेवायला सांगितलं. चहा झाला. मेंढरं कुणावर तरी सोडून आलोय म्हणून ते उठले. मी एसटीची वाट बघत रस्त्यावर उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले. ड्रायव्हर लोक पत्ते खेळत होते, त्यांच्यात जाऊन उभी राहिले आणि चक्र दाखवलं. त्यांनी ते हातोहात फिरवून बघितलं. एक जण म्हणाला, "मीटर बिघडलं असंल वैनी. पर त्यानं घेतलंच नसंल हे कशावरनं?" बाकीचे हसले. वाईट बुद्धीनं नव्हे. त्यांना ती गोष्ट आवडलेली होती, ते ती सोडायला तयार नव्हते. मी आणखी दोनदा गेले. तिसऱ्यांदा मला बघून पत्ते आधीच बंद झाले.

जीप पुढं तीन वर्षं चालली. मग नव्या, मोठ्या गाड्या आल्या, आमची कुणी घेईना, मी ती विकली आणि एमआयडीसीतल्या एका डेअरीत पिशव्या मोजायच्या कामाला लागले.

दशक सरत आलं असताना तिथल्याच एका वाहतूकदारानं मला गाठलं. आबांच्या थोरल्या मुलानं त्याच्याकडं ड्रायव्हरची नोकरी मागितली होती. "डिझेलवाल्या म्हाताऱ्याचाच ना हा? तुमच्याकडं होता म्हणं तो." मी त्याला तिथंच गेटवर उभं करून पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझाच दोष, म्हाताऱ्यानं थेंबाला हात लावला नाही, पोरगा चांगला असणार. त्यानं शांतपणे ऐकलं. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला.

आठवड्यानं त्याच्या गाडीवर दुसराच माणूस दिसला. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुमचं खरं असंल हो वैनी. पण डिझेलचं काम आहे, विषाची परीक्षा कोण घेणार?" आणि पावतीवर सही घेऊन निघून गेला.