खंडेनवमीची दुनळी

परवाना माझ्या नावावर, रताळ्याचं रान वडिलांकडून मला आलेलं, आणि बंदुकीचा दुकानदार बोलत होता माझ्या चुलतभावाशी. बेळगावातलं ते दुकान आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. "साहेब, ही धरून बघा, साहेब, वजन बघा." साहेब म्हणजे आमचे अण्णा. त्यांनी जन्मात कधी बार काढलेला नव्हता. परवान्यासाठी प्रशिक्षण घेतलं होतं मी, खांदा काळानिळा झाला होता माझा. पण खुर्ची अण्णांना मिळाली आणि चहाही आधी त्यांनाच.

मला काय हवं ते मला ठाऊक होतं. बेळगुंदीत आमच्या रानाच्या वरच्या अंगाला जंगल आहे. रताळी भरायला लागली की डुकरं उतरतात आणि सरीच्या सरी उकरून टाकतात. त्यांना मारायचं नव्हतं, तो गुन्हाच आहे. आवाज काढून हाकलायचं होतं, तेही एकटीनं, कारण नवरा मच्छे गावच्या कारखान्यात पाळीला असतो. त्याला हलकी एकनळी पुरे. दस्ता खांद्याला टेकवला की बोट सहज चापावर पोचावं, आणि नळी थोडा वेळ उचलून धरली तरी हात थरथरू नये. काडतुसं बारीक छर्ऱ्यांची, कमी धक्क्याची. मोठे छर्रे फार लांब जातात आणि आमच्या पलीकडच्या रानात बायका तण काढत, भांगलत असतात. नळीवर कोरलेल्या मापापेक्षा लांब काडतूस आत घालायचं नाही, हेही शिकवलं होतं.

"मला एकनळी दाखवा," मी म्हटलं.

दुकानदार अण्णांकडे बघून हसला.

"एकनळी कशाला गं?" अण्णा म्हणाले. "खंडेनवमीला पाटावर मांडल्यावर चार मान्सात दिसाय नको व्हय? भावकीतली पयली बंदूक हाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भावकीचे सगळे विळे, कोयते, कुदळी अण्णांच्या घराच्या पुढच्या सोप्यात पुजतात. तर बंदूक निवडली गेली ती पाटासाठी. नक्षीचा दस्ता, लांबलचक दोन नळ्या, आणि पाण्यानं भरलेली घागर उचलावी तशी जड. मी का ऐकून घेतलं? रानात जायची माझी सरळ वाट अण्णांच्या बांधावरून जाते म्हणून. नवऱ्यानं सकाळीच बजावलं होतं, "अण्णांस्नी दुखवू नगंस." पण अण्णा काडतुसं निवडायला लागले, "मोठ्या छर्ऱ्याची द्या, दणका पायजे," तेव्हा मी अडून बसले. काडतुसं मी बारीक छर्ऱ्यांचीच घेतली. दुकानदारानं ती बांधून दिली अण्णांच्या हातात.

रानात ती दुनळी खांद्याला लावली की नळ्यांचं तोंड जमिनीकडे झुकायचं. दस्ता माझ्यापेक्षा वीतभर उंच माणसासाठी केलेला. एक बार काढला की दुसऱ्या दिवशी खुरपं धरवत नव्हतं.

खंडेनवमीला मी ती रिकामी करून, तपासून अण्णांच्या सोप्यात नेली. पूजेनंतर तशीच रानात जायचं होतं, म्हणून काडतुसांची पिशवी सोबत होती. ती खुंटीला अडकवायच्या आत मला आत बोलावणं आलं. पुरण वाटायचं होतं. बंदूक माझी, आणि मी पाट्यावर.

हात धुऊन बाहेर आले तर बंदूक पाटावर, झेंडूची माळ घातलेली, नळ्यांची तोंडं ओळीनं बसलेल्या मंडळींकडे. अण्णांची नुकती शाळेत जायला लागलेली नात वाकून तिला कुंकू लावत होती. लावता लावता तिचं बोट चापाच्या कडीत गेलं होतं. रिकामी आहे हे माहीत असूनही मी तिला मागं ओढलं, आणि शिकवलं होतं तसं, कळ सरकवून नळ्या उघडल्या.

दोन्ही नळ्यांत काडतुसं होती.

मी ती उपसून मुठीत घेतली. 

"कुणी घातली?"

"मीच," अण्णा म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. "रिकाम्या कलशाची पूजा करतूय काय आपण? मग हत्यार रिकामं कसं पुजायचं?"

"अण्णा, पोरीचं बोट चापावर हुतं. म्होरं तुमी बसलायसा."

"देवाचं काम चाललंय. आज कायबी हुत न्हाय. ती काडतुसं हुती तशी घाल आनि गप बस. न्हायतर उद्यापास्नं माझ्या बांधावर पाय ठेवू नगंस."

मी काडतुसं पिशवीत टाकली, माळ काढून पाटावर ठेवली आणि बंदूक उचलून त्यांच्याच बांधावरून घरी गेले. दसरा झाल्यावर एकटीच बेळगावला जाऊन ती परत केली आणि हलकी एकनळी घेतली. दुकानदारानं विचारलं, "साहेब न्हाय आले?" मी म्हटलं, परवाना बघा.

अण्णांनी बांधावर काटे टाकले. मी आता ओढ्यातून वळसा घालून रानात जाते. गावात सगळे सांगतात की हिनं खंडेनवमीची पूजा उधळली. ती पोर अण्णांचं बोट धरून शाळेला जाता-येता मला हात करते, आणि तेवढ्यापुरतं अण्णा तोंड फिरवतात, तिला अडवत नाहीत.