भाईंच्या चहातला कापूर

पंखा गरगरतोय, पण हवा जागची हलत नाही. भाद्रपदातला वेंगुर्ल्याचा उकाडा म्हणजे अंगावर ओला पंचा घेऊन निजल्यासारखं. उज्ज्वला कूस बदलते. ती मूळची कोरड्या हवेच्या बार्शीची. इथं बावीस पावसाळे काढले तरी ही दमट हवा तिला अजून सोसत नाही. दुपारच्या जेवणानं डोळे मिटतात, पुन्हा उघडतात, पुन्हा मिटतात. झोप आणि जाग यांच्या मधल्या धुरकट जागेत एकच गोष्ट तिला टोचत राहते. उद्या भाईंचं श्राद्ध आहे, आणि सकाळी चहा पिता पिता तिचा नवरा उदय म्हणालाय, "उद्या भाईंची ती चायची शेवटची चकती फोडूया. पानावर त्यांका एक कप ठेवूया, आणि प्रसाद म्हणान आपण पण घोट घोट घेवया."



पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी बसतं. गादी त्या बाजूला खचते.

"वायच सर," भाई म्हणतात. "माझे पाय भिजलेत."

ती पाय आखडून घेते. भाईंना जाऊन तीन वर्षं झाली हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण घरी आलेल्या माणसाला 'तुम्ही कसे काय आलात' असं कसं विचारायचं? शिवाय ते सासरे. ती उठून बसते आणि डोक्यावर पदर घेते. इतकी वर्षं कधी घेतला नव्हता.

भाई म्हणजे आत्माराम केळुसकर. तीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होते. हाँगकाँगच्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं त्यांना पुएर चहाचं वेड लावलं. भाकरीएवढ्या, घट्ट दाबलेल्या काळपट चकत्या. बांबूच्या सालीत बांधलेल्या सात. नोकरी सोडताना एवढंच घेऊन ते घरी आले, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या म्हणे, की लोकांचे नवरे बोटीवरनं सोनं आणतात, आमच्यांनी शेणी आणल्या. मागच्या खोलीतल्या सागवानी फडताळात त्या चकत्या राहायच्या. भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून कमरेएवढ्या उंच, स्वयंपाकघराच्या वासापासून दूर. आषाढ-श्रावणात फडताळाचं दार बंद, दिवाळीनंतर सताड उघडं. एका चकतीतला चिमूटभर तुकडा दाभणानं उकरून भाई दर रविवारी दुपारी एक कप करायचे. दूध नाही, साखर नाही. रंग काळ्या मनुकांच्या पाण्यासारखा. आणि त्यांच्या लेखी वर्षं नव्हतीच, पावसाळे होते. हिला अठरा पावस झाले, आता कडूपण गेलं. हिला पंचवीस झाले, आता ओल्या लाकडाचा वास उतरला. तीस झाले, की घशात शेवटी कापूर येतो.

"आणि सुनेक?" उदय चेष्टेनं विचारायचा.

"हिका अजून दोन पावस व्हये," भाई दरवर्षी सांगायचे. उज्ज्वला खोटंखोटं रागवायची. मनातून तिला ते आवडायचं.

"भाई," ती आता म्हणते, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी पाणी उकळ," भाई म्हणतात, आणि उठून चालू लागतात.

ती मागोमाग जाते. दारातून बाहेर पाऊल टाकलं तर ती गच्चीवर आलेली. चैत्रातलं ऊन डोळ्यांत घुसतंय. तिच्याच जुन्या सुती साडीवर शेवटच्या दोन चकत्या मांडल्यात, एक संपत आलेली, एक अख्खी. चार कोपऱ्यांना चार दगड.

"पापड घातलंस?" भाई कौतुकानं विचारतात.

तिच्या कानाच्या पाळ्या गरम होतात. हा चैत्र तिला चांगला ओळखीचा आहे.

त्या चैत्रात भाईंचा खुबा मोडला होता. उदय त्यांच्यासोबत गोव्याच्या इस्पितळात, आणि नेमके बार्शीहून तिचे भाऊ-भावजय यायचे होते. आदल्या खेपेला भावजयीनं मागच्या खोलीत नाकाला पदर लावून विचारलं होतं, "वन्सं, तुमच्याकडं काही कुजलंय का हो?" ते तिला लागलं होतं, फार लागलं होतं. म्हणून तिनं फडताळ उपसलं. चकत्यांवर पांढुरकी भुकटी दिसली. ही बुरशीच, असं तिच्या बार्शीकडच्या डोक्यानं ठरवलं. ओल म्हणजे रोगाचं घर, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. फडताळाला हात लावू नको, असं भाईंनी एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. तरी तीन दिवस कडकडीत उन्हात वाळवल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि लोखंडी कपाटात रजयांमध्ये ठेवून दिल्या. वर मूठभर डांबरगोळ्या. भाई घरी यायच्या आदल्या दिवशी तिनं सगळं पुन्हा जागच्या जागी लावलं आणि गोळ्या माडाच्या आळ्यात फेकल्या. चकतीला नाक लावलं तर डांबराचाच वास. पण बोलायचं कुणाला आणि कसं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत ती गप्प राहिली.

"भाई, ऐका ना."

"वाकान चल. दार ठेंगणा हा."

गच्चीचा जिना उतरता उतरता अरुंद होत जातो. आता तो हाँगकाँगच्या त्या दुकानदाराच्या, भाईंनी शंभरदा वर्णन केलेल्या तळघराचा जिना आहे. भिंतींना घाम फुटलाय. दोन्ही बाजूंना छतापर्यंत चकत्याच चकत्या, आणि पहिल्या पावसानंतर लाकडाच्या वखारीत जसा वास येतो तसा वास. हाच तो भावजयीचा कुजका वास. आज तो उज्ज्वलाच्या छातीत खोल जातो आणि तिला बरं वाटतं, याचंच तिला वाईट वाटतं.

"बघ," भाई भिंतीवरनं बोट फिरवून तिच्यासमोर धरतात. बोट ओलं आहे. "हवा लागूक व्हयी, पाणी लागता नये. ह्यां जमाक लागला तरच चाय पिकता. जास्त झाला तर कुसता. आणि बार्शीत ठेवलंस तर शंभर वर्सां तशीच रवतली, निजलेली."

"मला ठाऊक नव्हतं."

"तुका मी सांगलंय होतंय."

खरं आहे. सांगितलं होतं. पावसाच्या दुपारी समोर बसवून, कप हातात देऊन सांगितलं होतं, आणि ती 'हं, हं' करत तांदूळ निवडत होती.

कुठूनतरी दार उघडतं आणि कोरडा वारा आत येतो. बार्शीचं अंगण. कडक ऊन, तुळस, आईनं वाळत घातलेल्या सांडग्यांची ताटं. अंगणाच्या मधोमध भाईंची खाट. ते आता खाटेवर आहेत, अंगावर इस्पितळातली निळी चादर. उज्ज्वलाच्या हातात कप आहे. तो ती कसा घेऊन आली, कधी केला, काही आठवत नाही. फक्त एवढं कळतं, की आता काय होणार ते तिला पाठ आहे, आणि ते तिला थांबवता येणार नाही.

भाई कप घेतात. वास घेतात. एक घोट घेतात आणि तो तोंडात बराच वेळ ठेवतात.

"आज कापूर जास्त लागता," ते म्हणतात.

"मुरला असेल, भाई," ती म्हणते.

हेच ती तेव्हा म्हणाली होती. तोंडातून शब्द निसटला तसाच्या तसा, गोड आवाजासकट. म्हाताऱ्या माणसाला डांबर आणि कापूर यातला फरक काय कळणार, असं तेव्हा तिनं मनाला समजावलं होतं. ज्या माणसानं तीस वर्षं त्या एका कापराची वाट पाहिली, त्याला कळणार नाही असं! तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. अंगणातल्या मातीत तोंड लपवावं असं वाटतं.

"खोटं आहे ते," ती म्हणते. "कापूर नव्हता. डांबरगोळ्या होत्या. मी उन्हात वाळवल्या, मी कपाटात कोंबल्या. माहेरची माणसं येणार म्हणून. मला तुमच्या त्या वासाची लाज वाटत होती, भाई."

"माका पयल्याच घोटाक कळला."

"मग प्यायलात कशाला? अठरा दिवस! रोज मागून मागून प्यायलात. एकदाही तोंड वाकडं केलं नाहीत."

भाई कपात बघतात. ते रागावलेले नाहीत. रागावले असते तर किती सोपं झालं असतं.

"तू कप घेवन येय होतंस," ते म्हणतात, "आणि मी पिवन होयसर बाजूक हुबी रव होतंस. माका वाटला, आज सांगतली. आज नाय तर उद्या सांगतली. म्हणान रोज मागत होतंय."

अठरा दिवस. अठरा कप. एकोणिसाव्या दिवशी भाई उठले नाहीत, आणि तेव्हा सगळ्यात आधी तिच्या मनात आलं होतं ते हे, की सुटले. भाई सुटले असं नव्हे, मी सुटले. ते तिनं कुणाला, देवालाही सांगितलेलं नाही. भाईंना ते सांगायची गरज पडत नाही. ते तिच्याकडे बघतायत, आणि त्यांना ते दिसतंय.

"चुकले मी," ती म्हणते. "आता सांगितलं ना?"

"माका सांगान काय उपेग? माका म्हायत होता." भाई कप हलवतात. तळाशी काहीतरी टणटण वाजतं. "उद्या उदय तोंडाक लावतलो. त्येका म्हायत नाय."

ते कपात दोन बोटं घालतात, काहीतरी काढतात आणि तिच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटतात. त्यांची बोटं ओली आहेत.

"ही तुझी," भाई म्हणतात. "घे."

अंगणात पाऊस सुरू होतो. बार्शीत, भर उन्हात. सांडग्यांची ताटं वाजू लागतात, आणि तो आवाज पंख्याचा आहे. उज्ज्वलाचे डोळे उघडतात. उशी भिजलीय. खिडकीबाहेर माडांवरून पाणी ठिबकतंय आणि ओसरीवर उदयच्या चपला वाजतात.

"उज्ज्वला, चाय टाकतंस?" उदय खोलीत येतो. त्याच्या हातात दाभण आहे, भाईंचं, घासूनपुसून लख्ख केलेलं. "ह्यां बघ, गावला शेवटी. उद्याक लागतला ना." मग तो थांबतो. नाक वर करून हुंगतो. "वास कसलो गो येता?"

तिची उजवी मूठ अजून मिटलेलीच आहे. बोटं आखडलीत. ती एकेक करून उघडते. तळहातावर पांढरी गोळी आहे, झिजून मुगाच्या दाण्याएवढी झालेली, ओली.

"डांबरगोळी?" उदय वाकून बघतो. "खंय गावली?"

कपाटात, म्हणता आलं असतं. रजईत, म्हणता आलं असतं. तो खुशाल मान हलवून बाहेर गेला असता.

"बसा जरा," उज्ज्वला म्हणते. "भाईंच्या कपात होती."