ओरव्हिएतोला उतरल्यावर

रोम-फ्लोरेन्स गाडीत कॉफीची ढकलगाडी फिरवण्यात एर्सिलियाचा जन्म गेला. "ओरव्हिएतोला उतरा, वर कड्यावरच्या गावात जाऊन चर्च बघा," असं ती प्रवाशांना सांगायची. स्वतः मात्र कधी उतरली नव्हती. निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीला, नोएमीला घेऊन ती उतरली. पुढच्या गाडीने निघायचं ठरलं होतं.

सोन्यासारख्या झळाळणाऱ्या चर्चसमोर ती आ वासून उभी राहिली.

"तोंड मिट गं, माशी जाईल! गाडी चुकेल."

"मला सोडून गाडी कधी गेलीय का?"

कड्याच्या कठड्याशी आल्या, तर खाली दरीतून गाडी उन्हात लखलखत निघालेली.

"अगं, आपलीच ती!" नोएमी किंचाळली.

एर्सिलियाची नजर हलेना. "कित्ती देखणी आहे गं! आत राहून कधी कळलंच नाही."