बाबांचा चॅनल

आमच्या धाकट्याला टक्कल पडलं, चाळिशी कधीच उलटली, तरी घरात तो धाकटाच. नाट्यगृहात साउंड सांभाळतो. कार्यक्रम रंगला की लोक गायकाचं कौतुक करतात, आणि माइक कुईं करून किंचाळला की सगळं नाट्यगृह मागे वळून याच्याकडे डोळे वटारतं. असला धंदा! मी कितीदा म्हटलं, दुसरं काहीतरी बघ. पण ऐकेल तर शपथ. दिवसभर लोकांचे आवाज ऐकणारा हा माणूस घरी कुणाचंच ऐकत नाही.

त्याची एक खोड आहे. कुठलीही गोष्ट बिघडली की तो उगमापासून शोधत येतो. घरात नळाला पाणी आलं नाही तर बाकीचे नळ पिळत बसतात, हा गडी आधी गच्चीवर टाकीत डोकावतो. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ताई?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. नाट्यगृहातल्या आवाजाच्या मिक्सरवरही तेच. माइकमधून निघालेला आवाज कुठपर्यंत पोचला ते एकेक टप्प्यावर बघत जायचं, आणि जिथे सापडत नाही त्याच्या आधीच्या टप्प्यावर बोट ठेवायचं. पूर्वीच्या मिक्सरवर हे सोपं होतं, वायर डोळ्यांना दिसायची. दोन-तीन वर्षांमागे नाट्यगृहाने डिजिटल मिक्सर घेतला. कुठल्या सॉकेटातला आवाज कुठल्या चॅनलवर जातो, तिथून कुठल्या स्पीकरला, सगळं त्याच्या काचेच्या पडद्याआत. धाकटा त्याला तोंडावर शहाणा म्हणतो आणि पाठीमागे शिव्या घालतो.

बाबा याच नाट्यगृहात निवेदक होते. काय आवाज होता म्हणून सांगू! माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला शब्द न् शब्द जायचा. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. म्हणजे अगदी गेला नाही, श्वासासारखा उरला, कागद चुरगळावा तसा. मित्र भेटायला यायचे. "काय म्हणालास? पुन्हा सांग," करून करून बिचारे ओशाळायचे, बाबाही ओशाळायचे. मग मित्र यायचे कमी झाले आणि बाबांनी बोलायचंच सोडलं. पाणी हवं तर पेल्याकडे बोट, दिवा मालवायचा तर बटणाकडे. ज्या माणसाने जन्मभर हजारो लोकांना उद्देशून बोलून पोट भरलं, तो खिडकीशी दिवस दिवस गप्प बसलेला बघून माझं काळीज तुटायचं.

अशात, बाबा ज्याचं निवेदन करायचे त्या वाद्यवृंदाचा वर्धापनदिन आला. वृंदातला म्हातारा व्हायोलिनवाला बाबांचा पंचवीस वर्षांचा दोस्त. तो हटूनच बसला, की सुरुवातीची तीन वाक्यं हाच बोलणार, नाहीतर मी व्हायोलिनचा गज हातात धरणार नाही. बाबा आधी मान हलवून नको म्हणाले. मग एका सकाळी आरशापुढे उभे राहून ओठ हलवताना दिसले. मी दारातून मागे झाले. आणि मला धडकीच भरली. कारण हे जमलं नाही, भरल्या सभागृहात आवाज पोचला नाही, तर हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. धाकट्यालाही माहीत होतं. आठवडाभर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

कार्यक्रमाच्या दुपारी त्याने सगळे माइक तपासले. बाबांसाठी हातात धरायचा बिनवायरचा माइक. "बाबा, जरा बोला यात," म्हणाला. बाबांनी गळ्याला हात लावून नको म्हटलं. असलेला आवाज त्यांना संध्याकाळसाठी राखून ठेवायचा होता. मग धाकट्याने स्वतःच "हॅलो, हॅलो, एक, दोन" केलं, मी केलं, वृंदाच्या सेक्रेटरींनीही केलं. खणखणीत! त्याने मिक्सरमध्ये बाबांची जुनी सेटिंगसुद्धा भरली होती. बाबा निवेदन करायचे तेव्हा त्यानेच बसवलेली, पेनड्राइव्हमध्ये जपून ठेवलेली. "बाबांचा चॅनल तयार," म्हणाला, आणि तेवढ्यापुरता त्याचा चेहरा जरा सुटला.

संध्याकाळी सभागृह भरलं. पडदा वर गेला. मी विंगेत उभी होते. बाबा इस्त्रीच्या शर्टात मधोमध गेले, माइक ओठांशी धरला आणि बोलले. ओठ हलताना दिसत होते. आवाज नाही. ते थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!" बाबांनी माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. तसली नजर वैऱ्याच्याही डोळ्यांत यायला नको.

सेक्रेटरींनी पळत जाऊन त्यांना आत आणलं आणि वृंदाला खूण केली. वाजवायला सुरुवात झाली. मी बाबांना घेऊन रंगपटाच्या खोलीत गेले, दार लावलं. माझ्या हातातल्या वॉकीटॉकीवर, सभागृहात मागे मिक्सरपाशी बसलेला धाकटा होता. "ताई, माइक मेन स्पीकरमधून काढलाय, फक्त माझ्या हेडफोनात येईल. बोल काहीतरी."

"काय बोलू, डोंबल? हॅलो!"

"तू येतेस. बाबांना दे."

बाबा बोलले. वॉकीटॉकीवर नुसती खरखर. "नाही येत," तो म्हणाला. "आवाज दाखवणाऱ्या दिव्यांतली एखादी काडी हलतेय, पण हेडफोनात आवाज नाही. सेल बदल."

सेल बदलले. माझा आवाज गेला, बाबांचा नाही. मग म्हणाला, माइकचा आवाज पकडणाऱ्या रिसीव्हरची वायर ढिली असेल. मी विंगेत, सगळ्या वायरी जिथे येतात त्या स्टेज बॉक्सपाशी गुडघ्यांवर बसून वायर बदलली, एका सॉकेटातून काढून दुसऱ्यात घातली. त्याने तिकडे मिक्सरमध्ये नवं सॉकेट बाबांच्या चॅनलला जोडलं. पळत परत खोलीत. माझा आवाज गेला. बाबांचा नाही. मग त्याने चॅनलच बदलला. बाबांची सेटिंग नव्या चॅनलवर जशीच्या तशी उचलून टाकली. पुन्हा तेच! माझ्या पायांत गोळे आले. भूतबाधा म्हणावी तर तेही आम्ही मानत नाही.

सेक्रेटरी दार उघडून आत आले. हात पुढे केला. "हा तुकडा संपला की मी वाचून टाकतो तीन वाक्यं. कागद द्या. लोक खोळंबलेत." माणूस वाईट नाही, पण त्या घडीला मला त्यांचा हात पिरगाळावासा वाटला.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर धाकटा म्हणाला, "ताई, बाबांचं बोट माइकच्या बटणावर जातंय का बघ. हातात घेताना बंद करत असतील."

बाबांनी ते ऐकलं. माइक माझ्या हातात देऊन दोन्ही हात वर केले, बोटं पसरून मला दाखवली. मी नाही, मी नाही. लहान मुलावर चोरीचा आळ यावा तसा चेहरा झाला. मग शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी सेक्रेटरींच्या हातात ठेवला आणि खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना आणखी काही ऐकू जायला नको म्हणून मी खोलीच्या कोपऱ्यात गेले, माइक ओठांना लावला आणि दबक्या आवाजात धाकट्याला झाडलं. "मेल्या, त्यांच्यावर ढकलतोस? तुझं ते काचेचं धूड नीट चालव आधी, गाढवा!" आणखीही बरंच, ते इथे नको.

मी वॉकीटॉकी दाबली. "ऐकलंस का?"

"काय? तू बोललीसच कुठे?"

"बोलले की! चांगली लाखोली वाहिली."

तो म्हणाला, "मला काही आलं नाही. ताई, तसंच पुन्हा बोल. तेवढ्याच हळू." मी बोलले. "आता मोठ्याने." बोलले. आणि पलीकडून त्याचा वेगळाच आवाज आला, जड. "अगं, गेट. दार आहे ना, ते."

ते दार असं असतं. माइकमधून लोकांचे खोकले, कागदांची सळसळ स्पीकरमध्ये जाऊ नये म्हणून मिक्सरमध्ये एक अडसर ठेवतात. आवाज ठरावीक मापापेक्षा मोठा असला तरच दार उघडतं, नाहीतर बंद. धाकट्याने ते माप बाबांच्या जुन्या आवाजाला बसवलेलं होतं, त्या खणखणीत आवाजाला. चॅनल बदलला तरी सेटिंगबरोबर दारही पाठोपाठ गेलं. आमचे आवाज धडाधड आत शिरत होते, आणि बाबांचा आवाज खोकल्यात, कागदाच्या सळसळीत जमा होत होता.

"मला वाटलं बाबांचा आवाज म्हणजे तो," धाकटा म्हणाला. "अजून तोच."

"रडतोस काय? उघड ते दार!"

"उघडतोय. पण आवाज फार वाढवावा लागेल. बाकी एकही माइक चालू ठेवता येणार नाही, आणि ती एसीची यंत्रं बंद करायला सांग. नाहीतर कुईं होईल आणि सगळं मुसळ केरात."

मी सेक्रेटरींच्या हातातून कागद ओढून घेतला. ते म्हणाले, "पुन्हा फजिती झाली तर?" मला काय माहीत होतं? बाबांना भिंतीकडून वळवताना मला त्यांना अक्षरशः दंडाला धरून उठवावं लागलं. "बाबा, चूक त्याची होती. तुमची नाही. चला." ते मानच हलवत होते. मी ढकललं म्हणाना.

वृंद थांबला. यंत्रं बंद झाली. सभागृह इतकं शांत झालं, की कुणाच्या तरी खुर्चीची करकर मला विंगेत ऐकू आली. बाबांनी माइक वर नेला. पहिल्यांदा नुसता श्वास आला, सगळ्या सभागृहात, छतापासून दारापर्यंत. लोक दचकले. बाबाही दचकले. मग ते बोलले. कागद न बघता, तीन वाक्यं, संथ, पूर्ण. चिरका, फाटका, तुटका आवाज, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

टाळ्या झाल्या. सेक्रेटरींनी बाबांना आत यायची खूण केली. बाबा हलले नाहीत. माइककडे बघत होते. मग स्वतःशीच म्हणाले, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं, "येतोय की."

सेक्रेटरींनी माझ्या हातातली वॉकीटॉकी घेतली. "बंद करा आता तो माइक, वेळ नाहीये."

"बंद करायचा असेल तर इथे येऊन करा," धाकटा म्हणाला. तो रडत होता, चक्क हुंदके देत होता.

बाबांनी मागे वळून वाद्यवृंदाकडे पाहिलं. तिथे व्हायोलिनवाला मांडीवर व्हायोलिन घेऊन डोळे पुसत बसला होता.

"काय रे," बाबा म्हणाले, "तुझा गुडघा कसा आहे?"

सगळं सभागृह त्या म्हाताऱ्याच्या उत्तरासाठी थांबलं. त्याच्यापुढे चालू माइक नव्हता, तरी तो उठून उभा राहिला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, "दुखतोय अजून! तू ये घरी, मग सांगतो!"