'थांबता येतं' असं त्याने लिहून दिलं होतं

मंडळी, आज दुपारचं लिहिते आहे. राग यायला हवा होता, पण काहीच वाटत नाहीये.

दुबईतल्या बर दुबई भागातून आम्ही मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर गेलो. माझ्या मुलाला स्कीइंग करायचं होतं. वय बेचाळीस, दोन जिने चढला की धापा टाकतो. नवशिक्यांनी आधी शिकवणीचा तास घ्यायचा, असा तिथला नियम. "आई, गुलमर्गला केलंय मी," म्हणत त्याने फॉर्मवर 'वळता येतं', 'थांबता येतं' या दोन्हींपुढे खूण केली. गुलमर्गला हा स्लेजवर बसला होता, ओढणारा वेगळाच होता.

तिसऱ्या मिनिटाला तो कडेला उभ्या असलेल्या एका केरळी नर्सवर आदळला. तिचा पाय मोडला.

मी धावत आत गेले, तर मॅनेजर यायच्या आत चिरंजीव कानाशी लागले. "आई, तू काचेतून बघत होतीस ना? सांग, तीच मध्ये आली. नाहीतर इन्शुरन्सवाले हात वर करतील."

तेवढ्यात स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "आंटी, मैं तो खड़ी थी ना?"

"हाँ बेटा, खड़ी थी." मॅनेजरलाही मी तेच सांगितलं. शिवाय फॉर्मवरचं खोटंही.

गाडीत तो एवढंच म्हणाला, "यू आर माय मदर."

आता सूनबाई इन्शुरन्सच्या माणसाशी तासभर बोलते आहे. त्या मुलीची चौकशी अजून कोणी केलेली नाही. तिचा नंबर मी घेतलाय. फोन हातात धरून बसले आहे. त्याची आई म्हणून तिच्याशी काय बोलू, सांगाल का कोणी?