पायाळूचा पाय

मी पायाळू. जन्मताना माझे आधी पाय बाहेर आले, मग डोकं. त्यामुळं लोहगडवाडीत मला भारी मान. कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाची कंबर धरली, की माणूस आमच्या टपरीसमोर पालथा पडायचा आणि मी भजी तळता तळता उठून त्याच्या पाठीवर पाय फिरवायचे. बहुतेकांना बरं वाटायचं. उसण चार दिवसांत आपोआपही जाते, हे तेव्हा मला कोण सांगणार? सांगितलं असतं तर त्यालाच मी दोन शब्द सुनावले असते.

माझी पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी डांबरी रस्त्यानं पळायची, मग ट्रेकवाल्यांसाठी गडावर पाण्याच्या बाटल्या वाहायची. मैदानी चाचणी महिन्यावर आली होती. एका रविवारी गड उतरताना ओल्या पायरीवर तिचा पंजा दगडांच्या फटीत अडकला आणि अंग पुढं गेलं. लंगडत घरी आली. घोटा ठीक होता, सूज होती ती पायाच्या वरच्या उंचवट्यावर.

"आई, लय दुखतंय. दवाखान्यात जाऊ."

टपरीवर रविवारची गर्दी. मी म्हटलं, "मुरगळलाय नुसता. घरात पायाळू आई असताना दवाखाना कशाला? लोक हसतील मला." या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं. मी तिला जमिनीवर बसवलं, तिच्या पायावर माझा पाय ठेवला आणि दाबून, रेटून चोळला. पोरीनं ओढणी तोंडात धरली होती.

तिसऱ्या दिवशी तिचा तळवा काळानिळा पडला. मी म्हटलं, "साकळलेलं रगात खाली उतरतंय. चांगलंच हाय." कुठून आणलं हे शहाणपण, देव जाणे. सकाळ-संध्याकाळ चोळत राहिले. बाराव्या दिवशी मीच तिला पळायला धाडलं, पाय मोकळा होईल म्हणून. पहिल्या वळणावर ती खाली बसली ती उठलीच नाही. तिच्या बापानं उचलून जीपमध्ये घातली.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी तिला उभं करून पायाचा फोटो काढला. म्हणाले, "पायाची कमान ज्या हाडांवर असते, ती जागा सोडून सरकलीत. एक मोडलंय पण. असं क्वचित होतं, आणि वरून मुरगळल्यासारखंच दिसतं. पण तळव्याला काळं पडलं होतं ना? ती त्याची खूण. तेव्हाच आला असतात तर बरंच वाचलं असतं. पाय चोळला कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "मीच. आई नको म्हणत होती. पळाले पण मीच, हट्टानं."

डॉक्टर तिला खूप रागावले. मी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत राहिले. सांगायला लाज वाटते, मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

ऑपरेशन झालं. पायात धातूची पट्टी आहे, स्क्रू आहेत. ती चालते, पायऱ्या उतरताना भिंत धरते. पळणं संपलं, भरतीही संपली.

वाडीतही तिनं तेच सांगितलं, चूक आपलीच म्हणून. माझा मान तसाच राहिला. लोक अजून येतात. परवा खालच्या आळीची म्हातारी मावशी कंबर धरून आली. मी म्हटलं, "मावशी, मी आता पाय लावत न्हाई. ह्या पोरीचा पाय म्याच घालवला. रोज चोळून चोळून." एवढं बोलायला मला वर्ष लागलं.

"काय बी बोलतीस. पोरीनं सोत्ता सांगितलंय, तिचीच घाई नडली," मावशी म्हणाली आणि टपरीसमोर पालथी झाली.

मी पोरीकडं बघितलं. वाटलं, आता तरी ती खरं सांगेल. ती बाकावर पाय वर घेऊन कांदे चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "लाव की पाय, आई. तुला बरं वाटंल."