आयशाचं स्पेलिंग

तोच फॉर्म मी चौथ्यांदा उघडला तेव्हा गुरुवारचे साडेबारा वाजले होते. अडीचला काम बंद, मग शुक्रवार-शनिवार सुट्टी. समोर इम्रान मुकादम आणि त्याची बायको रानिया. तिच्या मांडीवर बारा दिवसांची मुलगी झोपलेली.

मस्कतच्या हमरिया भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये मी बरीच वर्षं काम करते. लोकांचे व्हिसाचे, जन्मदाखल्याचे, लायसन्सचे सरकारी अर्ज अरबी आणि इंग्रजीत भरून द्यायचे, हे आमचं काम. जन्मदाखल्यावर नाव दोन्ही लिप्यांत लागतं. अरबीत प्रश्न नसतो. इंग्रजी रकान्यात जे अक्षर पडेल तेच पुढे पासपोर्टवर जातं आणि माणसाला जन्मभर चिकटतं. बदलायचं म्हटलं तर हेलपाटे.

इम्रान राजापूरकडचा, इथे एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. रानिया ट्युनिशियाची, मस्कतमधल्या एका शाळेत फ्रेंच शिकवते. मुलीचं नाव आयशा, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं एका अक्षराचं. इम्रानला हवं होतं आपल्याकडचं इंग्रजी स्पेलिंग, एस-एच. रानियाला हवं होतं सी-एच, कारण फ्रेंचमध्ये ‘श’ तसाच लिहितात. तिच्या आईचं नावही आयशा, आणि आईच्या पासपोर्टवर सी-एच आहे.

सोमवारी दोघं येऊन एस-एच लिहून गेले. मी सबमिट करायच्या आत रानियाचा फोन, सी-एच करा. मंगळवारी इम्रान एकटा आला, पुन्हा एस-एच. बुधवारी त्याचाच मेसेज, थांबा, काहीच पाठवू नका. माझ्या टेबलावर इतर गिऱ्हाइकांची रांग, आणि मी एका अक्षरापाशी अडकलेले. आमचे अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, जाता-येता विचारत होते की या बाळाचं काम अजून खलास का होत नाही. त्यांना काय सांगणार?

घाईचं कारण खरं होतं. रानियाच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी तिला नात दाखवायची होती. दाखला नाही तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर विमान नाही.

“आज ठरलं नाही तर रविवारपर्यंत मी काही करू शकत नाही,” मी जरा तोडूनच म्हणाले.

तेवढ्यात मुलगी रडायला लागली. रानिया तिला पाजायला मागच्या खोलीत गेली. दार लागल्याबरोबर इम्रान पुढे सरकला आणि मराठीत बोलायला लागला.

“ताई, तुमीच सांगा तिला. माज्या तोंडातून नाय निघणार.”

“काय सांगू?”

“सी-एच लिवला तर आमच्याकडं तां कसा वाचतील?”

मी स्क्रीनवरचं स्पेलिंग आपल्या पद्धतीने वाचलं. आयचा. आयचा मुकादम. आपल्याकडे ‘आयचा’ म्हटलं की पुढचा शब्द आपोआप जिभेवर येतो, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही. चार दिवस मी ते स्पेलिंग टाइप करत होते आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आधी स्वतःचा राग आला, मग त्याचा. सासूचं नाव माझ्या गावात शिवी होतं, हे बायकोला कसं सांगायचं म्हणून हा माणूस चार दिवस सगळ्यांना नाचवत होता.

रानिया परत आली. मी तिला अरबीत सांगितलं. आमच्या भाषेत ‘आय’ म्हणजे आई, ‘आयचा’ म्हणजे आईचा, आणि लोक त्यापुढे एक घाणेरडा शब्द जोडतात.

तिने बाळाला खांद्यावर घेऊन थोपटलं.

“म्हणजे, आईचा? मग बरोबरच आहे,” ती म्हणाली. “माझ्या आईचंच नाव आहे.”

मी पुढचं व्याकरण सांगायच्या भानगडीत पडले नाही. इम्रान मान खाली घालून म्हणाला, “लिवा ताई, सी-एचच लिवा.”

पण रानिया नको म्हणाली. ती शाळेत शिकवते, मुलं नावावरून किती छळतात ते तिला माहीत आहे. मग नवऱ्याकडे वळून ती हळू आवाजात बोलली.

“हे सोमवारी सांगायचं होतंस. मला वाटलं, तुला माझी आईच नको आहे.”

इम्रानने बाळ तिच्या हातातून घेतलं आणि उभा राहिला. रानियाने डोळे पुसले आणि मला म्हणाली, एस-एच. मी दोघांकडून एकेक अक्षर मोठ्याने वदवून घेतलं, स्क्रीनवर दाखवलं, सह्या घेतल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला.

दाखला आला, पासपोर्टही वेळेत झाला. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ते ट्युनिशियाला पोचले. आजी बरी आहे. रानियाने पाठवलेल्या फोटोत ती नातीला पोटाशी धरून पलंगावर बसली आहे. त्या बाईला फक्त अरबी वाचता येतं, हे मला तेव्हा कळलं. पासपोर्टवरचं सी-एच कुठल्यातरी खिडकीवरच्या कारकुनाने घातलेलं होतं.

आता नवरा-बायको दोन स्पेलिंगं घेऊन आले की मी कीबोर्डला हात लावत नाही. आधी एकाला झेरॉक्स काढायला बाहेर पाठवते.